यात्रा थांबली की चूल थांबते : नाशिकच्या मदतफंडाचा जुना धडा



आपले नाशिक हे पाहुण्यांचे गाव आहे. गोदावरीच्या स्नानाला येणारा यात्रेकरू, त्र्यंबकेश्वरला किंवा वणीच्या गडावर जाणारी मंडळी, शिर्डीकडे निघालेला भाविक, जुन्या नाशकातील बडी दर्गाला आलेले कुटुंब, पांडवलेणी पाहायला आलेली शाळेची सहल, या सर्वांच्या येण्यावर या शहरातील आणि आसपासच्या तालुक्यांतील हजारो घरे चालतात. एक प्रवासी नाशिक रोड स्टेशनवर उतरला की किती हातांना काम मिळते, याचा हिशेब एकदा करून पाहा. रिक्षावाला, लॉजमधला पोऱ्या, लॉजच्या चादरी धुणारा धोबी, चहाच्या टपरीवाला, फुलांची परडी विकणारी बाई, तांब्या-पितळेच्या भांड्यांचा दुकानदार, घाटावर फोटो काढणारा, लेणी दाखवणारा वाटाड्या. यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, आदिवासी आहेत. प्रवासी येतो तेव्हा या सर्वांच्या चुली पेटतात, आणि प्रवासी यायचा थांबला की सर्वांच्या एकाच दिवशी थंडावतात.

या घरांची एक खास अडचण आहे. शेतकऱ्याचे पीक बुडाले तर तलाठी पंचनामा करतो. गिरणी बंद पडली तर कामगारांची यादी हजेरीपटावर असते. यात्रेकरूवर पोट असणाऱ्या माणसाचे काय बुडाले, हे मात्र कोणत्याच कागदावर येत नाही. त्याचे पीक म्हणजे रस्त्यावरून चालणारा परका माणूस. तो आला नाही, एवढेच घडलेले असते. न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा कोण करणार?

म्हणून अशा संकटात शेजाऱ्यांनी, मोहल्ल्याने, समाजाने गोळा केलेला पैसा मोठ्या मोलाचा ठरतो. परंतु पैसा गोळा करणे हे अर्धेच काम आहे. त्या पैशाने नेमके काय वाचवायचे, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच गावाच्या इतिहासात सापडते, आणि तेच या लेखात आपल्यापुढे ठेवण्याचा विचार आहे.

दगडावर लिहिलेला हिशेब

सुरुवात पांडवलेण्यापासून करू. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो डोंगर चढलेला असेल. त्याचे जुने नाव त्रिरश्मी. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचे लेख कोरलेले आहेत. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने केलेल्या दानांची नोंद त्यांत आहे. हा उषवदात प्रवाशांची सोय जाणणारा माणूस होता. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा या चार ठिकाणी त्याने मुक्कामासाठी धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, पार यांसारख्या नद्यांवर त्याने फुकट नावांची सोय केली. यांतले गोवर्धन आपल्या नाशिकजवळचेच, आणि गंगापूरकडच्या एका गावाने ते नाव आजही जपले आहे.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे आणखी एक दान जास्त महत्त्वाचे आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिली. ती त्याने भिक्षूंच्या हातात ठेवली नाहीत. दोन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे ठेवली आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे. लेखात स्पष्ट म्हटले आहे की मुद्दल परत द्यायचे नाही, केवळ त्याचे उत्पन्न वापरायचे. पहिल्या रकमेचे उत्पन्न दरमहा शेकडा एक या दराने येई. वर्षाचे झाले दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळत. विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे, ते बरोबर जुळते. हा सर्व व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला गेला. अशा न मोडणाऱ्या ठेवीला त्या काळी ‘अक्षय नीवी’ असे नाव होते.

व्याजाचा भाग आपल्या शरीअतीला मान्य नाही, तो बाजूला ठेवू. परंतु मुद्दल राखून उत्पन्नातून खर्च करायचा, ठेव विश्वासू कारागीर मंडळींकडे सोपवायची, आणि हिशेब चारचौघांसमोर वाचून लिहून ठेवायचा, या तीन गोष्टी आपल्याला अनोळखी नाहीत. वक्फचे तत्त्वही असेच आहे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या माणसांना ठाऊक होते की ज्याचे पोट येणाऱ्याच्या दयेवर आहे, त्याला टिकाऊ आधार द्यायचा तर एकदाच दिलेली भिक्षा पुरत नाही.

आगगाडी, ट्राम आणि प्लेग

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण आजचे यात्रेवर जगणारे नाशिक आगगाडीने घडवले. थळ घाटातून १८६५ साली रेल्वेची वाट पूर्ण झाली आणि मुंबईची गाडी सरळ इकडे येऊ लागली. पूर्वी पायी किंवा बैलगाडीने येणारा यात्रेकरू आता काही तासांत पोहोचू लागला. मात्र स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटर दूर होते. या अंतराने एक मोठा धंदा जन्माला घातला. टांगेवाले, हमाल, घोड्यांना नाल मारणारे, चारा विकणारे अशा मंडळींची घरे स्टेशन ते गाव या रस्त्यावर उभी राहिली. १८८९ साली त्याच रस्त्यावर घोड्यांची ट्रामही सुरू झाली. डब्यांना चार घोडे जुंपलेली ती ट्राम जुन्या नगरपालिकेपासून नाशिक रोडपर्यंत धावत असे.

मग १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला आणि दुष्काळ पडला. सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा केला. रेल्वे स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली, यात्रा-जत्रांवर बंधने आली. त्या वर्षी मुंबई बंदरातून हजला जाणारी वाटही बंद करण्यात आली. म्हणजे गोदावरीचा यात्रेकरू आणि मक्केचा यात्रेकरू दोघेही एकाच वर्षी घरी बसले, आणि दोघांच्या प्रवासावर पोट भरणारे लोकही घरी बसले. नाशिकची ट्राम पुढे १९३० नंतरच्या वर्षांत बंद पडली. तिच्या तोट्याच्या कारणांत दुष्काळ आणि प्लेग यांचा उल्लेख केला जातो. घोड्याला साथीच्या वर्षातही दाणा लागतो. उतारू नसला म्हणून तो उपाशी राहू शकत नाही. ट्रामच्या कंपनीला जे जड गेले, ते एका घोड्याच्या टांगेवाल्याला किती जड गेले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

फंडाची चार कलमे

त्या १८९७ सालच्या दुष्काळात साऱ्या हिंदुस्थानसाठी एक सार्वजनिक मदतफंड उघडण्यात आला. देशातून आणि विलायतेतून त्यात एक कोटी रुपयांहून अधिक वर्गणी जमली. त्या काळचा एक कोटी रुपया ही केवढी रक्कम होती! पण रकमेहूनही शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या फंडाचे नियम. सरकार दुष्काळी कामे काढून लोकांना जगण्यापुरते अन्न देत होते. मग लोकांच्या वर्गणीने वेगळे काय करायचे? याचे उत्तर चार कलमांत लिहून ठेवण्यात आले.

पहिले कलम असे की म्हातारे, आजारी आणि लहान मुले यांना सरकारी शिध्यापेक्षा थोडे अधिक मिळावे. दुसरे कलम पोरक्या मुलांच्या सांभाळाचे होते. तिसरे कलम अब्रूदार गरिबांसाठी होते. जे उपाशी राहतील पण खडी फोडायला किंवा रांगेत उभे राहायला जाणार नाहीत, ज्या पडद्यातल्या स्त्रिया घराबाहेर पडू शकत नाहीत, अशांना गाजावाजा न करता मदत पोहोचवावी. आणि चौथे कलम असे की दुष्काळ ओसरू लागला म्हणजे ज्यांचे सर्वस्व गेले आहे त्यांना पुन्हा आपल्या पायावर उभे करावे. बैल, बियाणे, धंद्याची साधने घेऊन द्यावीत. फंडाचा मोठा वाटा या चौथ्या कलमावरच खर्च झाला.

ही चार कलमे पुन्हा एकदा वाचा. सरकार जीव वाचवते, ते त्याचे कर्तव्यच आहे. पण माणसाची अब्रू वाचवणे आणि त्याचा धंदा वाचवणे ही कामे ओळखीच्या, शेजारच्या माणसांनाच चांगली जमतात. कोणत्या घरात चूल पेटली नाही हे सरकारी दप्तराला कळत नाही, भिंतीपलीकडच्या बाईला कळते. कोणत्या टांगेवाल्याने घोडा विकायला काढला आहे, हे सर्वांत आधी नाल मारणाऱ्याला समजते.

२०२० चा बंद

यानंतर सव्वाशे वर्षांनी तेच सारे आपल्या डोळ्यांसमोर घडले. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने करोनासाठी जो कायदा लागू केला, तो तोच १८९७ सालचा साथीच्या रोगांचा कायदा होता. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. मंदिरे, मशिदी, दर्गे, गुरुद्वारे, चर्च सर्व बंद झाले. रामकुंडावर शुकशुकाट झाला. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर एकही गाडी दिसेना. त्या वर्षी हिंदुस्थानातून हजला कोणालाही जाता आले नाही आणि दोन लाख तेरा हजारांहून अधिक अर्जदारांचे पैसे परत करण्यात आले. १८९७ ची आठवण करून देणारे हे दुसरे साम्य.

हे संकट एकट्या नाशिकचे नव्हते. २०१९ साली भारतात एक कोटी नऊ लाखांवर परदेशी पाहुणे आले होते. २०२० साली ती संख्या सत्तावीस लाखांच्या आसपास उतरली. टाळेबंदीनंतरच्या पहिल्या तीन तिमाहींत देशात पर्यटनावर अवलंबून असलेले दोन कोटी पंधरा लाख रोजगार गेले, असा अंदाज केंद्र सरकारने करवून घेतलेल्या पाहणीत निघाला.

सरकारने काय केले? रेशनवर माणशी दरमहा पाच किलो धान्य मोफत दिले, आणि त्याने लाखो घरे उपासमारीतून वाचली, हे मान्य केलेच पाहिजे. फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० रोजी दहा हजार रुपयांच्या कर्जाची योजना आली. १३ एप्रिल २०२१ रोजी राज्य सरकारने परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले. २८ जून २०२१ रोजी मान्यताप्राप्त मार्गदर्शकांसाठी एक लाखापर्यंतच्या कर्जाची घोषणा झाली. या साऱ्या योजनांत एक शब्द समान आहे, तो म्हणजे नोंद. परवानाधारक, मान्यताप्राप्त, प्रमाणपत्र असलेला. ज्याच्या नावावर परवाना आहे त्याला मिळाले. पण दुसऱ्याची रिक्षा दिवसाच्या भाड्याने चालवणाऱ्याचे काय? लॉजमध्ये रोजंदारीवर खोल्या झाडणाऱ्या बाईचे काय? घाटावर डोक्यावर टोपली घेऊन फिरणाऱ्या मुलाचे काय? त्यांची नोंद कुठेच नव्हती.

त्यांच्यासाठी धावले ते शेजारी. मशिदींच्या कमिट्या, गुरुद्वारे, गणेश मंडळे, तरुणांचे गट यांनी पावतीपुस्तके उघडली, शिध्याच्या पिशव्या भरल्या. मुंबई-आग्रा महामार्गाने पायी गावाकडे निघालेल्या मजुरांना लोकांनी रस्त्यात जेवण आणि पाणी दिले. २५ एप्रिलला रमजान सुरू झाला तेव्हा ईदची खरेदी टाळून तो पैसा गरजूंना द्यावा, असे आवाहन ठिकठिकाणी झाले आणि लोकांनी ते मानलेही. अनेकांनी आपली जकात वर्ष पुरे होण्याआधीच काढून दिली. आपल्या समाजाने त्या दिवसांत जे केले त्याचा अभिमान बाळगण्यासारखा आहे.

परंतु अभिमानाबरोबर थोडा विचारही केला पाहिजे. त्या वेळच्या मदतीचा फार मोठा भाग धान्य आणि किराण्यावर गेला. पहिल्या महिन्यात तेच आवश्यक होते. पण टाळेबंदी लांबली. प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली, आणि शेवटी ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. दीड वर्षाच्या या काळात वर्गणीचा ओघ आटत गेला, आणि लोकांची साधने एक एक करून विकली गेली. कोणी रिक्षा विकली, कोणी हातगाडी, कोणी कॅमेरा, कोणी बायकोचे डोरले. यात्रा पुन्हा सुरू झाली तेव्हा गिऱ्हाईक होते, पण धंद्याचे साधन नव्हते. १८९७ च्या फंडाचे चौथे कलम आपण विसरलो होतो. आणि देणाऱ्याच्या हातातली पिशवी व घेणाऱ्याची खाली गेलेली मान एकत्र दाखवणारे फोटो काढताना आपण तिसरे कलमही विसरलो.

माथेरानचा घोडा, पहलगामचा घोडेवाला

साधन वाचवणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर नाशिकहून थोडे दूर माथेरानला जाऊ. तेथे मोटारी चालत नाहीत. पाहुणा घोड्यावर किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षात बसून फिरे. या गावाशी आपल्या समाजाचे नातेही जुने आहे. नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी मुंबईचे दानशूर व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने १९०४ ते १९०७ या वर्षांत बांधली गेली. सोळा लाख रुपये त्या कामी लागले. एका माणसाच्या पैशाने एका डोंगराला रोजगार दिला.

२०१९ च्या पावसाळ्यात त्या रेल्वेचा घाटातला मार्ग वाहून गेला आणि तो ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद राहिला. मध्येच टाळेबंदी आली. तेथील घोडेवाल्यांवर दुहेरी संकट आले. स्वतःच्या मुलांना जेवण हवे आणि घोड्यालाही चारा हवा. म्हणून तिथे माणसांसाठी शिधा आणि जनावरांसाठी चारा अशी दोन्ही प्रकारची मदत गोळा करावी लागली. यात मोठे शहाणपण आहे. घोडा जगला तर टाळेबंदी उठल्यावर घर आपोआप उभे राहते. घोडा मेला किंवा विकला गेला तर त्याच घराला वर्षानुवर्षे शिधा पुरवावा लागतो. चाऱ्यावर खर्च केलेला रुपया हा त्या घराच्या पुढच्या दहा वर्षांवर केलेला खर्च असतो.

दुसरे उदाहरण ताजे आणि दुःखाचे आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमध्ये पहलगामजवळ बैसरन येथे दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसे मारली. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. त्या २६ जणांत एक स्थानिक घोडेवालाही होता, सय्यद आदिल हुसेन शाह. पाहुण्यांना वाचवण्याचा प्रयत्न करताना तो गेला. घरचा तोच कमावता होता. त्याच्या कुटुंबासाठी महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली. ज्या राज्याने आपली सहा माणसे गमावली, त्या राज्यातून एका काश्मिरी घोडेवाल्याच्या घरी मदत जावी, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. हल्ल्यानंतर काश्मीरमधील ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद करण्यात आली. एका दिवसात हजारो घोडेवाले, शिकारेवाले, शालवाले रिकामे बसले. ज्यांनी काहीच गुन्हा केला नव्हता अशा घरांनी पुन्हा एकदा सर्वांत मोठी किंमत दिली. पाहुणा आणि यजमान यांचे नाते असे असते. एकावर घाव पडला की दुसऱ्याचे रक्त वाहते.

वाचवण्याची तिसरी गोष्ट

आतापर्यंत आपण दोन गोष्टी पाहिल्या, पोट आणि धंद्याचे साधन. तिसरी गोष्ट या स्मरणिकेच्या वाचकांना सर्वांत जवळची आहे. ती म्हणजे मुलाची शाळा.

संकटात घर आधी काय विकते, याचा एक क्रम असतो. प्रथम दागिना जातो, मग भांडी, मग साधन. आणि या सर्वांच्या जोडीला, गाजावाजा न होता, एका मुलाचे शिक्षण जाते. ते विकले गेल्याची पावती नसते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा ‘थोडे दिवस’ म्हणून गॅरेजवर जातो आणि परत येत नाही. नववीतल्या मुलीला ‘आता घरीच मदत कर’ असे सांगितले जाते आणि पुढच्या वर्षी तिचे लग्न ठरते. टाळेबंदीत तर शाळा मोबाईलमध्ये गेली होती. ‘असर’ या पाहणीनुसार २०२० साली ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या ६१.८ टक्के घरांत स्मार्टफोन होता. म्हणजे दर तीन मुलांमागे एकापेक्षा अधिक मुलांच्या घरी तो नव्हताच. आणि जिथे होता तिथे तीन भावंडांत मिळून एक होता.

दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. महाराष्ट्रातील शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा भरले. प्रार्थनास्थळे उघडली ७ ऑक्टोबरला. म्हणजे फुले विकणाऱ्या बापाच्या कमाईचा पहिला दिवस उगवायच्या आधीच मुलाच्या वह्या, गणवेश, बसभाडे आणि थकलेली फी दारात उभी होती. अशा वेळी हजार-दोन हजार रुपये वेळेवर मिळाले तर एक मुलगा शाळेत राहतो. तेच सहा महिन्यांनी मिळाले तर काही उपयोग होत नाही, कारण तोवर त्याचे नाव पटावरून गेलेले असते.

आपण काय करावे

इतिहास वाचायचा तो पुढच्या कामासाठी. संकट पुन्हा येणार आहे. गोदावरीला १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ साली मोठे पूर आले. दुतोंड्या मारुतीपर्यंत पाणी चढले की घाटावरची दुकाने कुठे असतात, हे नाशिककराला सांगायला नको. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो. २००३, २०१५ आणि त्यानंतर २०२६-२७. भरतीच्या त्या वर्षांत कमावलेल्या पैशातून ओहोटीच्या वर्षांची तरतूद करणे, हेच यात्रेच्या गावाचे शहाणपण आहे.

म्हणून प्रत्येक मोहल्ल्याने, प्रत्येक शाळेच्या पालकसभेने पुढील गोष्टींचा विचार करावा, ही नम्र विनंती.

पहिली गोष्ट यादीची. संकट आल्यावर यादी करायला घेतली तर ज्याचा आवाज मोठा त्याचे नाव वर येते. शांततेच्या दिवसांतच कोणते घर कोणत्या हंगामी धंद्यावर चालते, त्याचे साधन काय, शिकणारी मुले किती, याची वही असावी. ही वही कमिटीच्या दोन-तीन विश्वासू माणसांपाशीच राहावी, ती चव्हाट्यावर येऊ नये. रिक्षाचा परवाना, फेरीवाल्याचे प्रमाणपत्र, रेशनकार्ड ज्यांच्यापाशी नाही त्यांना ते मिळवून द्यावे. आपल्या शाळा-कॉलेजांतली मुले अर्ज भरून देऊ शकतात. एक भरलेला अर्ज कधी कधी दहा पिशव्या धान्यापेक्षा जास्त देतो.

दुसरी गोष्ट कायम ठेवीची. धरा, पाचशे घरांनी महिन्याला दहा रुपये बाजूला काढले. महिन्याचे पाच हजार, वर्षाचे साठ हजार. एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंत, म्हणजे बारा वर्षांत, सात लाख वीस हजार रुपये होतात. दहा रुपयांत आज एक कप चहा येतो. या ठेवीतून कर्ज-ए-हसना द्यावे. रिक्षाची दुरुस्ती, हातगाडी, शिलाईयंत्र, कॅमेरा यांसाठी बिनव्याजी रक्कम द्यावी आणि धंदा सुरू झाल्यावर थोडी थोडी परत घ्यावी. परतफेड होत राहिली तर मुद्दल शाबूत राहते आणि तोच रुपया पुढच्या घराच्या उपयोगी पडतो. त्रिरश्मीच्या लेण्यातील अक्षय नीवीचा अर्थ यापेक्षा वेगळा नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. जकातीचा पैसा आणि साधी वर्गणी यांची खाती वेगळी ठेवावीत. जकात कोणाला देता येते याचे आठ प्रकार कुरआनात ठरवून दिले आहेत. त्यांत गरीब आहेत, कर्जात बुडालेला आहे आणि वाटेत अडकलेला प्रवासीही आहे. शंका असेल तेथे उलेमांना विचारावे. साधी वर्गणी मात्र कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याला मोकळेपणाने देता येते, आणि ती दिलीच पाहिजे, कारण घाटावर फुले विकणारी बाई आणि आपल्या गल्लीतला रिक्षावाला एकाच गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात. वर्षातून एकदा जमा-खर्च सर्वांसमोर वाचावा. घेणाऱ्यांची नावे मात्र वाचू नयेत. जमा-खर्च उघडा आणि नावे झाकलेली, हा नियम पाळला तर पैसा देणाऱ्याचा विश्वास आणि घेणाऱ्याची अब्रू दोन्ही राहतात.

चौथी गोष्ट मुलांची. फंडातला एक ठरलेला हिस्सा, मग तो कितीही लहान असो, केवळ शाळेसाठी राखावा आणि तो इतर कोणत्याही कारणासाठी मोडू नये. वर्गशिक्षकांना सांगून ठेवावे की एखादा मुलगा सलग आठ दिवस गैरहजर राहिला तर घरी जाऊन चौकशी करावी. बहुधा तेथेच त्या घराच्या संकटाची पहिली बातमी मिळते.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्यापैकी अनेकांचे वडील, मामू किंवा नाना स्टेशनवर, स्टँडवर, घाटावर, लॉजमध्ये काम करीत आले आहेत. त्या कामाची लाज बाळगू नका. परक्या माणसाला वाट दाखवणे, त्याचे ओझे उचलणे, त्याला सुखरूप मुक्कामाला पोहोचवणे हे जगातले फार जुने आणि इज्जतीचे काम आहे. ज्या गावाने एकोणीसशे वर्षांपूर्वी प्रवाशासाठी धर्मशाळा आणि नावा यांची नोंद दगडावर कोरली, त्या गावाची ही परंपरा आहे. तुम्ही शिका. हिशेब लिहायला शिका, अर्ज करायला शिका, कायदा वाचायला शिका. पुढच्या संकटात मोहल्ल्याची वही तुमच्या हातात असली पाहिजे, आणि ती इतकी नीट लिहिलेली असावी की एकाही घराचा घोडा विकला जाऊ नये आणि एकाही मुलाचे नाव शाळेच्या पटावरून कमी होऊ नये.